प्रारूप विकास योजना सभेपुढे येतेय, नवख्या नगरसेविकेनं नेमकं काय तपासावं?

हप्तेवाली:

नमस्कार मंडळी. इथं मी गेली सहा वर्षं पाककृती आणि प्रवासवर्णनं वाचते, स्वतः धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचं कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव. गावाचं नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील आणि मग चहाच्या टपरीवर चर्चा होईल. मी १७ वर्षं पोस्टाची आरडी गोळा करते. वॉर्डात कुणाच्या घरी कुठल्या खुंटीला पासबुकाची पिशवी असते ते मला अंधारात सांगता येईल. चार वर्षं नगरपरिषदेवर प्रशासक होता. डिसेंबरात निवडणूक झाली, वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि घरोघर ओळख म्हणून मला उभं केलं. आले निवडून.

आता दहा दिवसांनी सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवर १४ विषय. आठवा विषय स्टँडजवळच्या मुतारीच्या दुरुस्तीचा. यावर मागच्या सभेत पाऊण तास भांडण झालंय. नववा विषय दीड ओळीचा: 'शहराची प्रारूप विकास योजना (दुसरी सुधारित) प्रसिद्ध करणेस मान्यता देणे.' अकरावा, 'जुनी भाजी मंडई पाडून बीओटी तत्त्वावर व्यापारी संकुल विकसित करणे.' बीओटी म्हणजे खाजगी विकासक बांधणार, काही वर्षं चालवणार, मग परत देणार.

नवव्या विषयासोबत, म्हणजे पुढं गावात कुठं काय होणार ते ठरवणाऱ्या योजनेसोबत, नकाशा जोडलाय. नकाशा म्हणजे ए-फोर कागदावर काळी-पांढरी झेरॉक्स. बाजूच्या सूचीत लिहिलंय रहिवास पिवळा, वाणिज्य निळा, शेती हिरवा. झेरॉक्समध्ये सगळं गाव करडं. मी भिंग घेऊन बसले तरी शाळा कुठं आणि स्मशान कुठं ते कळेना.

रंगीत नकाशा बघायला कार्यालयात गेले तर कपाटाची किल्ली असलेले साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला एका शिपायानं, ज्यांच्या मुलीची आरडी माझ्याकडे आहे, वीस मिनिटं कपाट उघडून दिलं. फोनवर फोटो काढले. घरी येऊन मोठे करून बघितले आणि पोटात गोळा आला. आमच्या वॉर्डातला एक जुना बोळ नकाशात नाहीच. तिथं कोरी जागा, आणि त्या कोऱ्या जागेतून स्टँडपासून घाटापर्यंत १२ मीटरचा रस्ता सरळ काढलाय, पट्टी ठेवून ओढल्यासारखा. त्या बोळात ३८ उंबरे आहेत. त्यातल्या ३१ उंबऱ्यांवर मी दर महिन्याला चहा पिते.

दुसरं म्हणजे नदीकाठची मळी, पुराच्या गाळाची जमीन. २०१९ला तिथं झाडांचे शेंडे तेवढे दिसत होते, २०२१ला परत तेच. फोटोत तिचा निम्मा भाग पिवळा दिसतोय. माझ्या फोनचा दोष असेल असं म्हणून दोनदा बघितलं.

आमच्या गटातल्या ज्येष्ठांना विचारलं. म्हणाले, "वहिनी, ते तांत्रिक असतं. आपण हात वर करायचा. लोकांच्या हरकती नंतर येतातच की." नंतर येणारच असतील तर आधी आमच्यापुढं कशाला आणतात, हा माझा भाबडा प्रश्न.

तर ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगा. दहा दिवसांत मी काय मागू, काय बघू, आणि सभेत कसं विचारू म्हणजे 'तांत्रिक आहे' म्हणून गप्प बसवता येणार नाही?

---

टी_स्क्वेअर:

ताई, नगररचना खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली पहिली बारा आरेखक म्हणून. तुमच्या ज्येष्ठांचं वाक्य मी किमान चाळीस गावांत ऐकलंय. ते तांत्रिक असतं हे खरं, पण तुम्हाला न कळण्याइतकं नसतं.

आधी उद्याचं काम. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहा आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घ्या. तोंडी मागणी हवेत जाते. अर्जात पाच गोष्टी मागा: प्रस्तावित भूवापराचा पूर्ण आकाराचा रंगीत नकाशा, विद्यमान भूवापराचा (आज कुठं काय आहे तो) नकाशा, योजनेचा अहवाल, आरक्षणांची (सार्वजनिक कामांसाठी राखून ठेवलेल्या जागांची) यादी क्षेत्रासह, आणि जुन्या मंजूर योजनेतल्या आरक्षणांची यादी. पैकी शेवटची यादी देताना हमखास टाळाटाळ होते, म्हणून तीच पहिली लिहा.

मग पद्धत. आमच्या काळी ट्रेसिंग पेपर होता. जुन्या योजनेचा नकाशा खाली, नवा वर, दिव्याखाली काच. जिथं रेषा जुळत नाहीत तिथं पेन्सिलीनं टिंब. हल्ली तुमची मुलं संगणकावर करतील, पण काम तेच. प्रत्येक टिंबाला विचारायचं: इथं आधी काय होतं, आता काय आहे, का बदललं. 'का' हे अहवालात सापडलं पाहिजे. नसेल तर तो तुमचा सभेतला प्रश्न, आणि त्याला कुणीही तांत्रिक म्हणू शकत नाही, कारण उत्तर देण्याचं काम त्यांचं आहे.

तुमच्या बोळाचं काय झालं असावं ते सांगतो. बोळ म्हणजे बहुधा एखाद्या मोठ्या वाड्याची वाटणी. भावांनी भिंती घातल्या, विकलं, भाडेकरू ठेवले, पण सिटी सर्व्हेला नंबर एकच राहिला. मूळ नकाशावर तो एकच चौकोन. पाहणीला आलेली कंत्राटी पोरं मुख्य रस्त्यानं फिरतात, बाकी वरून टिपलेल्या छायाचित्रावर भागवतात. वरून पत्रे दिसतात, उंबरे दिसत नाहीत. त्यात पिंपळाची सावली पडली असेल तर पत्रेही नाहीत. मी स्वतः एकदा नांदती शाळा 'गोदाम' म्हणून रंगवली आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहणी झाली म्हणून. तिथल्या हेडमास्तरांनी नंतर जे सुनावलं ते इथं लिहिता येणार नाही.

पण हा दोष विद्यमान भूवापराच्या नकाशातला आहे, हे लक्षात घ्या. रस्ता चुकला असं म्हणू नका, पाहणी चुकली असं म्हणा. रस्ता हा त्यांचा निर्णय, त्यावर ते तासभर बोलतील. पाहणी ही वस्तुस्थिती, तिथं बोळात उभं राहून काढलेले ३८ दारांचे फोटो आणि घरपट्टीच्या ३८ पावत्या ठेवल्या की बोलायला काही उरत नाही. घरपट्टी घेणारी नगरपरिषद आणि नकाशात कोरी जागा दाखवणारी नगरपरिषद एकच ना?

आता प्रवास कसा असतो ते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६. कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध होतं, तिथून लोकांना ३० दिवस हरकतींसाठी. मग कलम २८ची नियोजन समिती सुनावण्या घेते. तीत तुमच्या स्थायी समितीतले तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. समितीचा अहवाल परत तुमच्या सभेपुढं येतो, सभा बदल करते आणि कलम ३० खाली योजना शासनाकडं जाते. अंतिम मंजुरी कलम ३१ खाली शासनाची. म्हणजे सभेचा हात दोनदा लागतो. पहिल्यांदा आता. दुसऱ्यांदा समितीच्या अहवालानंतर, आणि खरी हातचलाखी तिथं होते. तेव्हा हरकतींचा हंगाम संपलेला असतो, लोक विसरलेले असतात आणि बागेचं आरक्षण एका रात्रीत पलीकडच्या गट नंबरात जातं. नवं आरक्षण टाकलं किंवा सार्वजनिक सोयींचं एकूण क्षेत्र दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर तो कायद्यानं भरीव बदल. पुन्हा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. कलम २२अ आणि २९. हे दोन आकडे तळहातावर लिहून ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ठरावाची शेवटची ओळ. "...तसेच योजनेत आवश्यक ते किरकोळ फेरबदल करण्याचे अधिकार मा. नगराध्यक्ष यांना देण्यात येत आहेत." सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. ही ओळ आली की तुम्ही पाहिलेला नकाशा आणि प्रसिद्ध होणारा नकाशा एकच राहील याची खात्री गेली. ती काढायला सांगा. काढली नाही तर विरोध नोंदवायला सांगा, आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना तो खरंच नोंदलाय का ते वाचा.

जेवायची वेळ झाली. मळीचं नंतर.

---

पेठेतला_पाहुणा:

काकांनी जवळपास सगळं सांगितलं. मी पुण्याचं जोडतो, कारण इथं हा खेळ मोठ्या पटावर झाला.

पुण्याच्या जुन्या हद्दीची आधीची योजना १९८७ची. पुढची २००७ ते २०२७साठी. तिचं प्रारूप प्रसिद्ध झालं २०१३च्या मार्चअखेर, म्हणजे मुदतीतली सहा वर्षं आधीच गेलेली. हरकती-सूचना आल्या ८७ हजारांच्या घरात. सुनावण्या झाल्या, समितीचा अहवाल झाला, सभेत घोळ चालू राहिला. शेवटी २०१५मध्ये शासनानं योजना महापालिकेकडून काढून घेतली आणि विभागीय आयुक्तांच्या समितीकडं दिली. मंजुरी जानेवारी २०१७ला. मुदतीतली दहा वर्षं मंजुरीतच संपली.

यातून तुम्ही काय घ्यायचं? एक, सभेनं वेळेत काम केलं नाही तर अधिकारच जातो, म्हणून 'थांबवा' म्हणण्यापेक्षा 'हे दुरुस्त करून प्रसिद्ध करा' म्हणणं शहाणपणाचं. दोन, हरकतींचा ढीग म्हणजे ताकद नाही. एकाच मजकुराच्या झेरॉक्सवर हजार सह्या आल्या की सुनावणीत त्यांचा एक गठ्ठा होतो. बोळातल्या प्रत्येक घरानं आपली हरकत आपल्या शब्दांत द्यावी: माझं घर इतके चौरस फूट, घरपट्टी क्रमांक हा, इथं चार पिढ्या राहतो, नकाशात दिसत नाही. आणि शेवटी 'सुनावणीस समक्ष हजर राहू इच्छितो' हे लिहायला विसरू नका.

मुंबईतही असंच. फेब्रुवारी २०१५मध्ये २०३४पर्यंतचं प्रारूप आलं, काही ठिकाणी आठपर्यंत एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या आठपट बांधकाम), वारसा वास्तूंच्या नोंदींत घोटाळे, उभ्या इमारतींवरून रस्ते. ओरड इतकी झाली की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी ते मागं घ्यायला लावलं. नव्यानं करून मंजूर व्हायला २०१८चा मे उजाडला. त्याच्या आधी, भूवापर नकाशाच्या टप्प्यावरच नागरी संघटना वॉर्डावॉर्डात जाऊन चुका दाखवत होत्या. काका म्हणतात तेच: पाहणीतली चूक पकडा.

---

गिरणगावकर:

सगळे फार आशावादी दिसताय. माझी दोन आण्याची भर.

परळ-लालबागला १९९१च्या नियमावलीत नियम ५८ होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानानं तीन वाटे: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. ५८ गिरण्या. हिशेब करा किती मैदानं झाली असती. २००१ला शासनानं नियम बदलला. वाटप फक्त 'मोकळ्या' जमिनीचं, म्हणजे आधीपासून रिकामी असलेली तेवढीच. शेड पाडून जी रिकामी होईल ती नाही. गिरणीत आधीपासून रिकामी जागा असते किती? पाण्याचा हौद आणि गेटजवळचा चौक. उच्च न्यायालयानं २००५ला लोकांच्या बाजूनं निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयानं मार्च २००६मध्ये तो फिरवला. आज तिथं काय उभं आहे ते एल्फिन्स्टनच्या पुलावरून दिसतं. दिसायचं. आता पूलही पाडलाय.

सांगायचं काय, तर ताई तुम्ही सभेत दिवसभर भांडाल, नकाशा सुधारून घ्याल, आणि वर्षभरानं वरून कलम ३७ खाली (मंजूर योजनेत फेरबदल करायचं कलम) एका पानाची अधिसूचना येईल. एका शब्दाची व्याख्या बदलली की संपलं.

---

टी_स्क्वेअर:

गिरणगावकर, तुमचं दुःख खरं आहे, पण उदाहरण उलटं लावताय. त्या खटल्यात लोक पंधरा वर्षांनी न्यायालयात उभे राहू शकले ते मूळ नियम कागदावर स्वच्छ लिहिलेला होता म्हणून. ताईंच्या नकाशात बोळच नसेल तर उद्या ३७ कशाला, कुणाला काही करायचीच गरज पडणार नाही. पाडायला येणारा म्हणेल, इथं काही नव्हतंच.

ताई, मळी. जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो: निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी हा निषिद्ध भाग, निळी ते लाल नियंत्रित. नकाशावर या दोन रेषा दिसल्या पाहिजेत. पिवळा रंग निळीच्या आत गेलाय का, एवढाच प्रश्न विचारा. रेषाच नसतील तर विचारा, रेषा न घेता तिथं रहिवास कशाच्या आधारावर दाखवला? गेल्या दोन पुरांत त्या मळीशेजारच्या ज्या घरांचे पंचनामे झाले, ते तलाठ्याकडं आहेत.

जुन्या आरक्षणांची यादी का मागायला सांगितली तेही लिहितो. त्यापुढं दोन रकाने करा: जागा ताब्यात आली का, आणि कलम १२७ची नोटीस आली का. दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देतो. त्यापुढच्या २४ महिन्यांत नगरपरिषदेनं पावलं उचलली नाहीत की आरक्षण रद्द. लहान गावात पैसे नसतात म्हणून जागा जातात ते खरं. पण कुठल्या जागांच्या वेळी नोटीस टेबलाच्या खणात पडून राहिली आणि त्या जागा आज कुणाच्या नावावर आहेत, हे बघण्यासारखं असतं. मी एवढंच म्हणतो.

---

हप्तेवाली:

काका, अर्ज दिला. पोच घेतली. आवक शाखेतल्या बाईंनी शिक्का मारताना माझ्याकडं असं बघितलं की जणू मी घटस्फोटाचा अर्ज दिलाय.

जुन्या योजनेत (२००१ला मंजूर) ४६ आरक्षणं होती म्हणे. ताब्यात आलेली किती ते 'संकलित करून कळविण्यात येईल'. मी माझ्या माहितीनं मोजायला बसले. खेळाचं मैदान, जिथं आता मंगल कार्यालय आहे. दवाखाना, जिथं ट्रॅक्टरचं शोरूम. भाजी मंडई झाली, ती खरी. म्हणजे जी एक गोष्ट झाली तीच अकराव्या विषयात पाडायला निघालेत.

मंडईबद्दलही सांगा कुणी. ८४ ओटे आहेत. ओटेधारकांकडं नगरपरिषदेच्या रोजच्या पावतीशिवाय कागद नाही. नव्या नकाशात तिथल्या आरक्षणाचं नाव 'भाजी मंडई' नसून 'भाजी मंडई व वाणिज्य संकुल' झालंय.

---

टेम्सकाठची:

ताई, मी मूळची इचलकरंजीची, सध्या उत्तर लंडनमध्ये, टॉटनहॅमला. इथल्या कौन्सिलच्या सभांना प्रेक्षक म्हणून जाऊन बसायची मला खोड लागलीय. नवरा म्हणतो फुकटचं नाटक.

तुमचं मंडई प्रकरण वाचून इथलं आठवलं. आमचं कौन्सिल हॅरिंगे. कौन्सिलच्या जमिनी आणि जुन्या वसाहती एका खाजगी विकासकाबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीच्या कंपनीत टाकून सगळ्याचा पुनर्विकास करायचा, अशी योजना होती. आकडा दोन अब्ज पौंडांचा. माझ्या ओळखीचे लोक त्या वसाहतींत राहणारे. घर पाडल्यावर परत इथंच मिळेल का आणि त्याच भाड्यात का, एवढं एकच ते विचारत होते.

इथं २०००च्या कायद्यानं कौन्सिलरांचे दोन भाग झालेत. थोडे जण मंत्रिमंडळासारखे निर्णय घेतात, आणि बाकीच्यांची छाननी समिती असते. निर्णय घेणारा छाननीत बसू शकत नाही. या समितीनं लोकांना, अधिकाऱ्यांना, तज्ज्ञांना बोलावून प्रश्न विचारले आणि २०१७च्या सुरुवातीला लेखी अहवाल दिला: धोके नीट तपासलेले नाहीत, थांबा. गंमत म्हणजे समितीतले बहुतेक सत्ताधारी लेबर पक्षाचेच. तरी मंत्रिमंडळानं जुलैत योजना मंजूर केली. छाननी समितीनं निर्णय फेरविचारासाठी परत मागवला, तरी मंत्रिमंडळ ठाम. त्या रात्री आम्ही बाहेर पडलो तेव्हा सगळ्यांना वाटलं हरलो.

छाननी समितीला थांबवायचा अधिकारच नसतो, फक्त विचारायचा असतो. पण तो अहवाल राहिला. कुणी काय विचारलं, अधिकाऱ्यांनी काय उत्तर दिलं, कुठं उत्तर नव्हतं, सगळं छापील. पुढं पक्षातल्या पक्षात उमेदवार ठरताना तेच कागद फिरले. जानेवारी २०१८मध्ये कौन्सिलच्या नेत्याबाईंनी पुन्हा उभं राहणार नसल्याचं जाहीर केलं, मेमध्ये निवडणूक झाली, आणि जुलैमध्ये नव्या मंडळानं योजना गुंडाळली.

इथं सभेचे कागद पाच पूर्ण दिवस आधी सगळ्यांना बघायला ठेवावे लागतात. तुमच्या करड्या नकाशाची गोष्ट मी शेजारणीला सांगितली, तिला आधी खरीच वाटेना.

मंडईसाठी एवढंच: तोंडी आश्वासन घेऊ नका. ८४ ओटे कुठल्या मजल्यावर, किती आकाराचे, भाडं किती आणि बांधकाम चालू असताना बसायचं कुठं. चार प्रश्न लेखी द्या, उत्तर लेखी मागा. उत्तर नाही आलं तर तेही इतिवृत्तात येऊ द्या.

---

पेठेतला_पाहुणा:

मजल्याचा प्रश्न शंभर नंबरी. भाजीवाली पहिल्या मजल्यावर गेली की तिचा धंदा सहा महिन्यांत जिन्याखाली येतो.

---

हप्तेवाली:

कालच सभा झाली. सगळ्यांनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितेय, घसा बसलाय पण बोटं चालू आहेत.

रंगीत नकाशा शेवटपर्यंत मिळाला नाही. फाइल मात्र पेनड्राइव्हवर दिली. भाच्यानं जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन फ्लेक्सवाल्याकडून सहा फुटी छापून आणला, वाढदिवसाच्या फलकाच्या कापडावर. पैसे माझे. सभागृहात नववा विषय पुकारल्यावर मी तो जमिनीवर अंथरला. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. झालं काय, तर सगळेजण चपला काढून त्याच्याभोवती उकिडवे बसले आणि आपापला गट नंबर शोधायला लागले. दहा मिनिटं सभागृहात शांतता. ज्येष्ठ, ज्यांनी मला हात वर करायला सांगितलं होतं, त्यांच्या सासऱ्याच्या उसात बागेचं आरक्षण निघालं. त्यानंतर त्यांना विषय तांत्रिक वाटेनासा झाला.

बोळाचे ३८ फोटो आणि घरपट्टीच्या ३५ पावत्या (तिघांची थकबाकी) मी टेबलावर ठेवल्या. काकांनी सांगितलं तसं 'पाहणी चुकली' एवढंच म्हटलं. मुख्याधिकारी पावत्या उलटसुलट करून बघत राहिले. म्हणाले, दुरुस्ती करून प्रसिद्ध करू. मी म्हटलं, ठरावात घ्या. घेतलं. रस्ता कुठून जाणार ते अजून ठरलेलं नाही, पण बोळ नकाशावर येणार.

मळीचं जमलं नाही. पूररेषांचा नकाशा 'संबंधित विभागाकडून अप्राप्त'. मग पिवळं कशावरून, तर 'विकासाचा कल पाहता'. हे तीन शब्द इतिवृत्तात शब्दशः घ्यायला लावलेत.

शेवटची ओळ होतीच, काका. अगदी तुम्ही लिहिली होती तशी, 'किरकोळ'सकट. मी ती वगळायची उपसूचना मांडली. अनुमोदक कोण मिळेल याची धास्ती होती, तर विरोधी गटातल्या एका तरुण पोरानं दिलं. मतदान झालं. आम्ही २०, एक गैरहजर. ७ विरुद्ध १२. ओळ राहिली, आमच्या सात जणांचा विरोध नावानिशी नोंदवलाय. आमच्या गटाची बैठक आज संध्याकाळी आहे, तिथं माझी खरडपट्टी निघणार हे नक्की.

मंडईचा विषय मजल्याच्या प्रश्नावर अडला. नकाशात तळमजल्यावर ६२ दुकानं आणि ओटे 'वरील मजल्यावर प्रस्तावित'. बाहेर जिन्यात भाजीवाल्या मावश्या बसल्या होत्या, त्यांच्यापर्यंत हे वाक्य कसं पोचलं कोण जाणे. विषय तहकूब. पुढच्या सभेत परत येईल, कदाचित ऐनवेळच्या विषयांत येईल, म्हणून त्या दिवशी शेवटपर्यंत बसायचं ठरवलंय.

गिरणगावकर, तुमच्या 'मोकळ्या जमिनी'मुळे मी 'किरकोळ'ची व्याख्या विचारली. कुणालाच देता आली नाही. तीही नोंद आहे.

प्रारूप राजपत्रात आलं की तीस दिवस सुरू होतील. हरकतीचा नमुना मी करून ठेवलाय, मजकुराची जागा कोरी सोडून, पाहुण्यांनी सांगितल्याप्रमाणे. उद्या १५ तारीख, हप्त्यांचा शेवटचा दिवस. पासबुकांच्या पिशवीत ३८ कोरे फॉर्म घातलेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं मी लिहून घेईन. पण नमुन्यात 'घर किती पिढ्यांचं' ही ओळ ठेवू का, की त्यावरून भावाभावांत नवीन भांडण लागेल? काका, बघून सांगा.